आक्काचा करंडा आणि जावा बेट

ये गं, जवळ ये. अशी लांबून काय ऐकतेस? दिवाळीला आलीस, चकल्या खाल्ल्यास, फोनमध्ये मान घालून बसलीस, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून विचारतेस, "आजी, आमचे आजोबा जपान्यांच्या तावडीत सापडले होते म्हणे, खरं काय गं?" असं विचारतात होय? तुझा नवरा हॉर्न वाजवत होता, मी हात हलवत राहिले, आणि तुम्ही वळणावरून गेलातसुद्धा. पण तू गेलीस आणि माझ्या डोक्यात ते सगळं सुरू झालं. म्हणून लिहून काढते. शाळा माझी दुसरीपर्यंतची. पुढचं वाचायला मी विड्या बांधता बांधता शिकले, तंबाखू गुंडाळून यायची त्या रद्दीवर. तेव्हा अक्षराला हसू नकोस. वाचताना माझ्याजवळ बसल्यासारखी बस आणि मध्येच उठू नकोस.

तुझी आजी म्हणजे माझी आक्का. माझ्याहून बरीच मोठी, त्यामुळे मला ती अर्धी बहीण आणि अर्धी आईच होती. आमचे आण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. अंगाला तंबाखूचा वास, कपड्यांना वास, ताटातल्या भाकरीलाही वास. आम्हाला तो कळायचाच नाही. पाहुणे आले आणि शिंकायला लागले की आठवण व्हायची. आई आणि आक्का दारात बसून विड्या बांधायच्या. आक्काचा हात असा चाले की बघणाऱ्याला वाटावं, विडी आधीच बांधलेली होती, हिनं नुसती पानातून बाहेर काढली.

तिचं लग्न झालं बेळगावकडे, हिंडलग्याच्या पलीकडच्या एका गावात. भाताची शेती, माळाला रताळी. घरात सासरे, सासू, धाकटा दीर आणि त्याची बायको. तुझे आजोबा, म्हणजे आमचे दाजी, बेळगावच्या कॅम्पात पलटणीत मोटार चालवायला लागलेले. मोठे विनोदी गृहस्थ. पहिल्यांदा निपाणीला आले तेव्हा सपाटून शिंकले आणि आण्णांना म्हणाले, "मामा, लग्नात सांगितला न्हाईसा, हुंड्यात हे बी देणार हाय म्हणून."

आक्काच्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. माझ्या आयुष्यात त्या बाईइतकं तिखट बोलणारं माणूस मी पुढे पाहिलं नाही. सूनबाईनं भाकरी थापली की म्हणणार, "नकाशा काढलास व्हय गं? ह्यात आमचं गाव कुठं हाय?" पण पत्रावळ लावावी तर त्यांनीच. पळसाची पानं असोत नाही तर वडाची, बांबूच्या चोयांनी अशी टाचत की आमटी वाढली तरी थेंब खाली यायचा नाही. माळ्यावर पानांच्या चळती रचून ठेवलेल्या असायच्या. गावात कुणाकडे कार्य निघालं की माणूस आधी आत्याबाईंकडे यायचा. हे पानांचं ध्यानात ठेव.

लढाई सुरू झाली आणि दाजींच्या पलटणीला निघायचा हुकूम आला. निरोप घ्यायला ते निपाणीला आले होते. आक्कानं विचारलं, "कवा येशीला?" म्हणाले, "समुद्र कसला असतोय तेवढा बघून येतो." आक्का म्हणाली, "बघा, पण माघारी या. मी हाय हितं." एवढंच. रडणं नाही, काही नाही. मला तेव्हा तिचा रागच आला होता. पोचवायला बेळगावला गेलो, तर बाकीच्या बायका स्टेशनावर आक्रोश करत होत्या आणि आमची आक्का डब्यात चटणी नीट ठेवली का ते बघत होती.

पुढे सिंगापूर पडलं. निपाणीत तेव्हा रेडिओ होता एका व्यापाऱ्याच्या पेढीवर. जैन माणूस, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारा. संध्याकाळी पेढीपुढे गर्दी व्हायची. "बर्री, बसा," म्हणून तो सगळ्यांना बोलवायचा आणि रेडिओवरचं हिंदी मराठीत करून सांगायचा. सिंगापूरची बातमी ऐकून आण्णा घरी आले ते तसेच भिंतीला टेकून बसले. पण थोड्याच दिवसांत बेळगावच्या इस्पितळात एक जखमी शिपाई आला. त्यानं सांगितलं, की सिंगापूर पडायच्या आधीच दाजींच्या मोटारी आणि माणसं जहाजात घालून जावा बेटावर पाठवली होती. जहाजावर चढताना यानं स्वतः पाहिलं होतं.

जावा! कुणाला ठाऊक कुठं आहे? आत्याबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हितं घरात दोन जावांचं पटत न्हाय, आनि त्यो गेला व्हय जावांच्यात ऱ्हायला!" पण पेढीवरच्या त्या व्यापाऱ्याला सगळं माहीत. त्यानं आण्णांना जवळ बसवून सांगितलं, "ते वलंदेजांचं, म्हंजे डच लोकांचं बेट. वेंगुर्ल्याला पडकी वखार हाय न्हवं, ती बांधणारी माणसं. आधी आपल्याकडं साखर यायची तिथली. आन् चिरुटाला गुंडाळायचं पान तर तिथल्यासारखं कुठं न्हाय. घाबरू नका. वलंदेज तिथं लई पिढ्या ठाण मांडून बसलाय, असा उठायचा न्हाय."

उठला की! शिमगा तोंडावर आला होता. एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की जपानी जावाच्या किनाऱ्यावर उतरले. आणि त्यानंतर आठवडा झाला असेल-नसेल, वलंदेजांनी शस्त्रं खाली ठेवली. मी आण्णांचं धोतर धरून तिथंच उभी होते. गर्दीतला एक दलाल खुशीत येऊन म्हणाला, "चला! जावाचं पान बंद झालं. आता आपल्या मालाला भाव येतोय बगा." आण्णांनी त्याच्याकडे बघितलं. भांडले नाहीत, काही नाही. म्हणाले, "माझा जावाई हाय तिथं." व्यापाऱ्यानं रेडिओचं बटण पिरगाळून बंद केलं. तो दलाल दुसऱ्या दिवशी आमच्या दारात नारळ घेऊन आला, उंबऱ्यावर ठेवून गेला.

कॅम्पातून कळवलं ते एवढंच, की माणूस बेपत्ता आहे. मेला असं नाही, धरला असंही नाही.

आता बघ, बेपत्ता या शब्दाचे घरात दोन अर्थ झाले. सासऱ्यांच्या लेखी तो गेला. आक्काच्या लेखी तो आहे. म्हातारा वाईट नव्हता हो. पोरावर लई जीव. दीड-दोन वर्षं वाट बघून त्याला स्वप्नं पडायला लागली. लेक दारात उभा आहे, ओठ सुकलेत, पाणी मागतोय. उठून घागर घेऊन दारात जायचा. कुणीतरी सांगितलं, परक्या बेटावर मेलेल्याला पाणी द्यायला कोण आहे? त्याचं इथं करा म्हणजे सुटेल. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात. नारळाचं डोकं, पानांचे हातपाय, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग त्याच्या नावानं पाणी सोडता येतं. म्हातारा त्या पाण्यासाठी आसुसलेला होता. पण पानांचा माणूस जळाला की त्याची बायको विधवा झाली, ते कुठं चुकतंय?

मी तेव्हा आक्काकडेच राहायला गेले होते. तिनं सासऱ्यांना समोर उभं राहून सांगितलं, "मामंजी, पाणी सोडायला आधी माणूस मरावा लागतोय. मला कुणी सांगितलेलं न्हाय तसं."

"पोरी, तो दारात येऊन उभा ऱ्हातोय गं."

"दारात येतोय म्हंजे येणारच हाय. वाट धरलीय त्येनं."

म्हातारा रडायला लागला. शेवटी दिवस ठरला. भटजी आले. म्हातारा धाकट्याला म्हणाला, जा, ओढ्याकडनं पळसाची पानं आण. तर आत्याबाई आतून ओरडल्या, "आता कुठं रानात जाताय? माळ्यावर हाईत की वाळलेली. मी देते." आणि त्यांनीच स्वतः चळत काढून, पांढऱ्या फडक्यात बांधून दिली. मला नवल वाटलं. आईनं स्वतःच्या हातानं द्यावीत? मनात म्हटलं, काय काळजाची बाई आहे!

मार्कंडेय नदीच्या काठावर ते सगळं झालं. पुरुष परत येईतो गावातल्या चार बायका परसात आल्या, आक्काच्या बांगड्या उतरवायला. आक्का चुलीकडे पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "लांब. बांगडी भरून गेलेला माणूस बेपत्ता हाय. बांगडी न्हाय बेपत्ता." एकीनं हात पुढे केला, तर आक्कानं फुंकणी उचलली. मारली नसती, पण उचलली खरी.

तेवढ्यात आत्याबाई आल्या आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, "माझ्या दारात असली ताठ मान नको! जा तुझ्या बापाकडं. ही घे तुझी चिरगुटं." एक गाठोडं आक्काच्या अंगावर टाकलं आणि आम्हा दोघींना दाराबाहेर काढलं. मी भोकाड पसरलं. आक्कानं गाठोडं काखेत मारलं, माझा हात धरला आणि सरळ बेळगावची वाट धरली. त्या वेळी पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागं एक मोठं पिंप, त्यात निखारे, आणि कंडक्टर गरागरा पंखा फिरवतोय. निपाणीला उतरलो तेव्हा आम्ही दोघी कोळशाच्या वखारीतून आल्यासारख्या दिसत होतो.

घरी गाठोडं सोडलं. दोन लुगडी, चार रताळी, आणि मध्ये चिरगुटात गुंडाळलेला पितळी करंडा. कुंकवाचा. आक्काचा नव्हे, आत्याबाईंचा स्वतःचा, त्यांच्या लग्नातला. काठोकाठ भरलेला. आई म्हणाली, "घाईत पडला असंल गं चुकून." दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं त्याच करंड्यातलं कुंकू लावलं, रोजच्याहून मोठं.

आणि तसं लावून ती दारात विड्या बांधायला बसली! निपाणीतल्या बायकांना काही महिने दुसरा विषयच नव्हता. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या शेजारच्या घरापर्यंत यायचं आणि आमचं दार सोडून पुढे जायचं. एक जण एकदा मुद्दाम थांबून म्हणाली, "कुणाच्या नावानं लावतीस गं एवढं मोठ्ठं?" आक्कानं हातातली विडी खाली न ठेवता सांगितलं, "तुझ्या नवऱ्याच्या न्हाय. घोर लावून घेऊ नको." ती बाई पुन्हा आमच्या गल्लीतून गेलीच नाही, तळ्याकडून वळसा घालून जायची.

मधनंमधनं आक्का मला घेऊन बेळगावच्या कॅम्पात चौकशीला जायची. तवंदीचा घाट आला की मोटार दमायची, सगळे उतरून ढकलायचे. कॅम्पातला कारकून आम्हाला ओळखायला लागला. "बाई, काही कळलं की आम्हीच कळवू." आक्का म्हणायची, "कळवा. पण मी येत जाईन. तुमी इसरू नये म्हणून." तिला काळजी नव्हती असं नाही हं. माझ्या शेजारी निजायची ती, मला कळायचं. पण काळजी असणं वेगळं आणि हार मानणं वेगळं. तिच्या मनात शंका आली की ती उठून घरातली भांडी घासायची. आमची भांडी त्या वर्षांत लखलखीत होती.

लढाई संपली. माणसं परत यायला लागली, कुणी इजिप्तकडून, कुणी इटलीतून. पूर्वेकडची सगळ्यात शेवटी. एके दिवशी दुपारी बेळगावहून तंबाखू भरायला आलेला ट्रकवाला आमच्या दारात थांबला आणि म्हणाला, "आक्का, तुमचा मालक आलाय. पर त्येला घरात घेईनात झालेत."

आईच्या हातातलं सूप पडलं. आक्काच्या हातात निम्मी बांधलेली विडी होती. ती तिनं पुरी केली, दोरा आवळला, टोक मुडपलं, सुपात ठेवली. मग उठली. "म्या काय म्हणत होते?" एवढंच म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली. आत किती वेळ लागला ते सांगत नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल आणि कुंकू ताजं.

आण्णा, आक्का आणि मी, तिघंही त्याच ट्रकमधून गेलो. गावाच्या शिवेवर मोठा वड आहे, बायका वटपौर्णिमेला पुजतात तो. खोडाला जुन्या सुताचे वेढेच वेढे. त्याच्या पारावर दाजी बसलेले. वाळून काठी झालेले, कानापर्यंत केस पांढरे. समोर जरा लांब अर्धं गाव. झालं होतं असं, की दाजी आले ते थेट मळ्यात गेले, तिथं म्हातारा पिकाला पाणी पाजत होता. "आप्पा, मी आलोय," म्हणाले. म्हाताऱ्यानं बघितलं आणि खोरं टाकून जो पळाला तो देवळातच! जाळलेला माणूस, ज्याच्या नावानं दोन वर्षं पाणी सोडलं, तो भर दुपारी चिखलात उभा. पंच बसले. त्यांनी ठरवलं, विधी झालेला माणूस तसा घरात घेता येत नाही. त्यानं पुन्हा जन्म घ्यायला पाहिजे. न्हाऊ घालायचं, पाळण्यात बसवायचं, बारसं करायचं, आणि मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर मुक्काम पारावर.

आक्का समोर गेली. दाजी म्हणाले, "समुद्र बघून आलो."

आक्का म्हणाली, "बघितलासा न्हवं? आता पुरे."

मग भटजींची तयारी होईतो आम्ही सगळे पारावर बसलो आणि लोकांनी एकेक विचारायला सुरुवात केली. तुला जे ऐकायचंय ते आता.

दाजी म्हणाले, "बेट कसं हाय म्हणाल तर आपल्या खानापूरकडच्यागत. भाताची खाचरं, पर डोंगराच्या पार अंगावर चढवलेली, पायऱ्या पायऱ्यांनी. मागं डोंगर, त्येच्या डोक्यातनं धूर. रस्ते डांबरी, दोन्ही बाजूनं चिंचा. चिंचेच्या सावलीतनं लॉरी चालवताना वाटायचं, हितनं वळलो की हिंडलगा लागंल. वलंदेज सायबांचे बंगले पांढरेधोट. तिथली माणसं बुटकी, गोड बोलणारी, बाया डोक्यावर टोपली घेऊन हासत जाणाऱ्या. आमाला सांगितलं, घाबरू नका, सैन्य मोप हाय. मी बघितलं, मोप कुठं हाय? आमच्या मोटारींची रांग संपली की पुढं चिंचाच."

"मग जपानी कसं आलं?" कुणीतरी विचारलं.

"समुद्राकडनं. अंधारात जहाजं लागली किनाऱ्याला. सकाळी आमाला हुकूम, दारूगोळा घेऊन पुलाकडं चला. अर्ध्या वाटंत गेलो तर वलंदेजांचे शिपाई उलटे येतेत. विमानतळ पडला म्हणाले. दुपारच्याला आभाळात पाखरू दिसंना, एवढी विमानं. आन् मग मी जपानी बघितला पयल्यांदा. रणगाड्यावर असंल म्हटलं, तर सायकलवर! डांबरी रस्त्यानं, चिंचेखालनं, रांगेनं सायकली. बाजारला निघाल्यागत. वलंदेजांनी रस्ते झकास केलते, त्याच रस्त्यानं आले."

लोक हसले. दाजी हसले नाहीत.

"आठवडा बी झाला नसंल. सायेब आला, डोळं लाल, म्हणाला, संपलं. वलंदेजांनी हत्यार टाकलं. आता मोटारी त्येंच्या हातात जाऊ द्यायच्या न्हाईत. इंजिनातलं तेल काढा आन् गाडी चालू ठेवा, जाम हुईस्तंवर. मी ती लॉरी पोरागत सांभाळलेली. रोज पुसायचा. तेल काढलं, सुरू केली, आन् बाजूला उभा ऱ्हायलो. काय आवाज करती तेल नसलेली मोटार! रडती. बाया रडत्यात तशी. बंदुकीला भ्यालो न्हवतो मी, त्या आवाजानं बसलो खाली."

त्या वेळी मी बघितलं, आत्याबाई गर्दीच्या मागं येऊन उभ्या होत्या. पदर तोंडावर. पुढे आल्या नाहीत.

"आन् तिथली माणसं?" आण्णांनी विचारलं.

"ती आधी खूश! जपान्यांना झेंडे दाखवले. इतक्या पिढ्यांचा वलंदेज गेला म्हणून. मला बी वाटलं, बराबर हाय, त्येंचं घर त्येंना मिळालं. पर भात कापून झाला की जपान्यानं तो बी नेला. मग झेंडे गेले. आमाला धावपट्टी करायला लावलं. दगड फोडा, माती वडा. खायाला मूठभर. आमच्यातले लई गेले. मी ऱ्हायलो ते एका म्हातारीमुळं. कुंपणाकडनं जायची, लाकडाची मोळी डोक्यावर. त्या मोळीतनं भाताची पुडी टाकायची. सागाच्या पानात बांधलेली. माझी आई जशी वडाच्या पानात बांधती, तशी. पुडी सोडताना मी रोज म्हणायचो, आये, हितं बी तुझा हात पोचला."

मग दाजींनी, एव्हाना देवळातून येऊन गर्दीत बसलेल्या आपल्या वडलांकडे बघून म्हटलं, "मला वाटायचं, घरी माझी वाट बगत असतील. तर हितं मला जाळून बसलाय! जपान्याला बी जमलं न्हाय ते." आता सगळे हसले, म्हातारासुद्धा हसला आणि तसाच रडायला लागला.

तोवर कुणाचा तरी मोठा पाळणा आला. दाजी म्हणाले, "आणा, बसतो. दोरी तेवढी बघा, तुटली तर तिसरा जलम घ्यावा लागंल." सगळं हसतखेळत चाललेलं. मग भटजी आक्काला म्हणाले, "पोरी, तू आता कुंकू पुसून घे. आधी पुसायचं, मग लग्न लागलं की नव्यानं लावायचं."

आक्का म्हणाली, "न्हाय."

"अगं, आता तर नवरा समोर हाय. घटकाभराचं काम."

"घटकाभर बी न्हाय. त्येस्नी पाळण्यात बसवा, घोड्यावर बसवा, माझी हरकत न्हाय. पर माझं लगीन एकदा झालंय आन् ते चालू हाय. मी पुन्हा अंतरपाटामागं उभी ऱ्हायले म्हंजे मधली वर्षं मी रांडाव होते असं झालं. सगळ्या निपाणीनं मला तसं म्हटलं, म्या एक दिवस म्हणून दिलं न्हाय. आता माझ्याच तोंडानं म्हणू?"

पंच चिडले. लग्न नाही तर घर नाही. उद्या मूल झालं तर त्याला कुणाचं म्हणायचं? एक जण म्हणाला, एवढी ताठ असली तर बसा दोघं पारावरच. आण्णा तिला हळूच म्हणाले, "पोरी, कर की एवढं." तिनं आण्णांकडे असं बघितलं की ते मागं सरकले. दाजी पाळण्याच्या काठाला धरून उभे. म्हणाले, "ती म्हणती तसं. मी तिथं चिंचेखाली ऱ्हायलोय, वडाखाली बी ऱ्हाईन." आणि तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. मला कळेना, ह्या दोघांनी इतकी वर्षं तग धरला तो काय ह्या पारावर राहण्यासाठी?

तेव्हा मागून आवाज आला. नेहमीचाच, चटणीचा.

"झालं तुमचं सगळ्यांचं? आता माझं ऐका. जाळलं कुणाला? ती पळसाची पानं न्हवतीच."

आत्याबाई पुढे आल्या. वडाच्या खोडावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्येची व्हती. माळ्यावर दोनी चळती व्हत्या. म्या ही दिली. सूनबाई ह्या झाडाला सूत गुंडाळती दरसाल, त्या झाडाच्या पानानं माझा पोरगा मरतोय काय? पळसाचा माणूस केला असता तर माणूस मेला असता. केलाच न्हाय, तर मेला कुठनं? आन् मेलाच न्हाय, तर जलम कसला आन् लगीन कसलं?"

म्हातारा आ वासून बघत राहिला. "अगं, मग तवाच बोलायचं!"

"बोलले असते तर तुमी पळस आणला असता. आन् तुमाला काय तरी जाळल्याबिगर झोप येत न्हवती."

सगळ्यांनी भटजींकडे बघितलं. भटजींनी उपरणं सारखं केलं. हळूच म्हणाले, "मला दिसलं होतं तवाच. पण पानं आईनं दिलेली. मी काय बोलणार?"

एका पंचाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला. पण म्हातारा हसला नाही. त्याच्या मनात एकच. "म्हंजे मी इतकी वर्षं पाणी सोडलं ते कुणाला पोचलं?"

"वडाला," आत्याबाई म्हणाल्या. "बगा की कसा टरारलाय."

मग म्हाताऱ्यानं काय केलं ठाऊक आहे? उठला, विहिरीवर गेला, स्वतः पाणी शेंदलं आणि तांब्या भरून घेऊन आला. घाईघाईत निम्मं वाटेत सांडलं. लेकाच्या पुढे धरला. "घे. माझ्या स्वप्नात लई मागितलंस." दाजींनी तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. त्या दिवशी गावात कुणाचं बारसं झालं नाही, कुणाचं लग्न झालं नाही. पाळणा ज्याचा होता तो घेऊन गेला.

आक्का सासरच्या उंबऱ्यापाशी आली, तर आत्याबाई दारात आडव्या. मला वाटलं, आता पुन्हा काय? म्हणाल्या, "माझा करंडा आणलास का?"

"आणलाय की," आक्का म्हणाली आणि कनवटीचा काढून दिला. रिकामा होत आलेला. आत्याबाईंनी उघडून बघितला. तळाला बोट फिरवलं आणि ते बोट आक्काच्या कपाळावर टेकवलं. मग म्हणाल्या, "उधळपट्टी केलीस गं. एवढं मोठं लावत हुतीस व्हय?"

ही आमची आक्का आणि ही तिची सासू. पुढे दोघी एकमेकींशी रोज भांडल्या आणि एकमेकींवाचून एक दिवस राहिल्या नाहीत. आत्याबाईंच्या मागं करंडा आक्काकडेच राहिला, आणि तिनं जाताना तो माझ्याकडे दिला, "पोरींपैकी जी विचारंल तिला दे," म्हणून. कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस, मग चालत्या गाडीच्या खिडकीतून का होईना.

तेव्हा ऐक. करंडा चिंच लावून घासून ठेवलाय. पोस्टानं धाडायची नाही मी, आणि कुणाच्या हाती तर मुळीच नाही. वटपौर्णिमेच्या आधी ये. नवऱ्याला सुट्टी नसली तर एकटी ये, निपाणीला उतर, मी स्टँडवर येते. तिथून आपण दोघी गावाकडे जाऊ, तो वड अजून आहे. दोन दिवस राहायचं असं ठरवूनच ये, आणि लौकर ये गं. माझ्यानं आता फार दिवस कुणाची वाट बघवत नाही; मी काही आक्का नव्हे.